‘बेतीव’ म्हणणाऱ्यांनी आधी कापड बेतून पाहावे

स्त्रियांच्या आत्मकथनांवर एका महाविद्यालयात एकदिवसीय चर्चासत्र होते. आम्ही दोघेही तेथे निबंध वाचायला गेलो होतो. एका वक्त्याने बोलण्याच्या ओघात एक विधान केले आणि टाळ्या घेतल्या : मराठी वाङ्मयात शिवणयंत्र हे स्त्रीच्या दैन्याचे प्रतीक आहे. आम्हीही टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी मात्र आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि आमच्या हे लक्षात आले की ज्या दोन माणसांबरोबर आम्ही अनुक्रमे एकोणीस आणि सतरा वर्षे संसार करीत आहोत, त्यांच्या बाबतीत हे विधान धडधडीत खोटे आहे. हा लेख त्या टाळ्यांचे प्रायश्चित्त आहे असे समजावे.

‘आम्ही’ हे येथे संपादकी थाटाचे आदरार्थी बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. दोघेही मराठीचे अध्यापक, दोघेही चाळिशी ओलांडलेले, दोघेही ठाकुर्लीकर. म्हणजे जलद गाड्या ज्या स्थानकाला न थांबता धडधडत पुढे जातात, तेथे धीम्या गाडीतून उतरणारे. आमच्यातील एकाची पत्नी घरी कपडे शिवते. आमच्यातील एकीचे यजमान घरी कपडे शिवतात. दोघांनाही त्याची गरज नाही. पत्नी एका सहकारी बँकेत नोकरी करते, यजमान यांत्रिकी अभियंता आहेत. दोघांनाही शिवणे आवडते, बस्स. ‘आवडते’ हे क्रियापद आमच्या क्षेत्रातील लोकांना पचत नाही, आणि तक्रार आहे ती तीच.

पत्नी शिवते हे कळल्यावर आमच्या सहकाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. “वहिनी अजून शिवतात? सातवा वेतन आयोग लागला की हो सर!” दुसरी प्रतिक्रिया अधिक सौम्य, म्हणून अधिक जाचक : “वा, संसाराला तेवढाच हातभार.” तिसरी, जी बहुधा प्राध्यापिकांकडून येते : “मलाही फार हौस होती हो, पण वाचनातून वेळच मिळत नाही.” म्हणजे जिला वाचता येत नाही तिने शिवावे. यजमान शिवतात हे कळल्यावर प्रतिक्रियांचा नूर एकदम बदलतो. पुरुष हसतात. स्त्रिया आधी हसतात आणि मग अतोनात कौतुक करतात, जणू काही त्यांनी एकट्याने नर्मदा परिक्रमा केली आहे. एका ज्येष्ठ नातेवाइकांनी तर आवाज खाली आणून विचारले होते, “आपल्यात कोणी शिवत नाही, याला हे कुठून सुचले?” यातील ‘आपल्यात’ या शब्दाकडे आम्ही पुढे येणार आहोत.

एकच कृती. बाईने केली तर कीव, पुरुषाने केली तर विनोद किंवा चमत्कार. कापडाचे काय झाले, बाही कशी बसली, गळा कसा उतरला, हे कोणी विचारीत नाही. ज्यांचा व्यवसाय कृतीकडे बारकाईने पाहणे हा आहे, तेही विचारीत नाहीत.

शिवणयंत्र हे दैन्याचे चिन्ह झाले ते काही हवेतून नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. पुण्यात १९०९ साली सेवासदन निघाले आणि रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखाली तेथे ज्या वर्गांतून निराधार स्त्रिया शिकल्या, त्यांत शिवणकाम होते. घराबाहेर पडता येत नाही, शिक्षण नाही, पदरात मुले आहेत, अशा स्त्रीला प्रतिष्ठा न गमावता दोन पैसे मिळवून देणारे ते एक साधन होते. पुढे सिंगर कंपनीच्या हप्त्यांच्या पद्धतीने यंत्र मध्यमवर्गाच्या घरात शिरले. ही हप्त्याने विक्री अमेरिकेत १८५६ पासून चालू झाली होती. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, तो विरला, आणि गिरणगावातील कित्येक घरांत चूल पेटती राहिली ती यंत्राच्या पायट्यावर. यांपैकी कशालाही आम्ही हसणार नाही. परंतु चिन्ह एकदा ठरले की त्याच्या आड माणूस दिसेनासा होतो. आजही निवडणूक जवळ आली की मंडप घालून ‘गरजू भगिनींना’ शिवणयंत्रे वाटली जातात, छायाचित्रात यंत्र आणि पुढारी स्पष्ट असतात, भगिनी अर्धी कापलेली असते. त्या भगिनीला शिवता येते का, तिला काय शिवायला आवडते, हे विचारण्याची पद्धत नाही. आमच्या कथा-कादंबऱ्यांतील यंत्राशी वाकलेली आई याच छायाचित्रातली आहे. तिच्या पाठीचा बाक आम्हांला तपशीलवार ठाऊक आहे. तिने शिवलेल्या एकाही कपड्याचा बेत आम्हांला ठाऊक नाही.

गांधीजींचे उदाहरण येथे मौजेचे आहे. यंत्रांविषयी कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ साली जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. कारण काय, तर सिंगरने आपल्या पत्नीला हाताने शिवण्याचे कष्ट करताना पाहिले आणि तिच्यावरील प्रेमापोटी यंत्र शोधले, अशी कथा त्यांच्या कानी आली होती. कथा गोड आहे. इतिहास तसा नाही. आयझॅक सिंगर हा फिरता नट होता, त्याच्या आधी १८४६ साली एलियस हाउ याने पेटंट घेतलेले होते, सिंगरचे पेटंट १८५१ चे, आणि दोघांत त्यावरून न्यायालयीन लढाई जुंपली होती. सिंगरच्या पत्नीप्रेमाविषयी बोलायचे तर अनेक स्त्रियांपासून झालेली त्याची चोवीस अपत्ये चरित्रकारांनी मोजून ठेवली आहेत. परंतु आमचा मुद्दा सिंगरच्या चारित्र्याचा नाही. गांधीजींना आवडलेल्या कथेतही शिवणारी स्त्री ही केवळ कष्टणारी आहे आणि प्रतिभा पाहणाऱ्या पुरुषाची आहे, हे कोणाला खटकले नाही. तिला शिवणे आवडत असेल, ही शक्यता त्या कथेच्या मापात बसतच नाही.

आता भाषेकडे वळू, कारण तेथे आमच्या जातीचा, म्हणजे मराठीच्या अध्यापकांचा, दांभिकपणा उघडा पडतो.

आम्ही ज्या शब्दांवर पोट भरतो ते शब्द कोणाचे आहेत? ‘सूत्र’ म्हणजे दोरा. ‘ग्रंथ’ म्हणजे ओवलेले, बांधलेले. कथेचे ‘धागेदोरे’, भाषेचा ‘पोत’, अनुभवाची ‘वीण’, दुःखाची ‘किनार’. वर्तमानपत्रातील ‘कात्रण’. शिक्षकाचे ‘टाचण’. बी. एड.च्या विद्यार्थ्यांना आम्ही पाठटाचण काढायला लावतो, त्यांपैकी कोणाला पक्की टीप घालण्यापूर्वी कापड टाचून घेतात हे ठाऊक असते? आणि खुद्द ‘टीप’! यंत्राची शिवण ती टीप, आणि पानाच्या तळाशी संशोधक देतो तीही टीप. एक उसवली तर कपडा फाटतो, दुसरी उसवली तर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इतके सारे उसने घेऊन परतफेड काय केली? एक शिवी दिली. ‘बेतीव’.

‘कथा बेतीव वाटते.’ गेल्या पन्नास वर्षांतील कोणतेही परीक्षण उघडावे, हे वाक्य कुठेतरी सापडेलच. आम्हीही ते लिहिले आहे. एकाने निदान सात-आठ परीक्षणांत, एकीने तर पीएच.डी.च्या प्रबंधात. बेतीव म्हणजे कृत्रिम, आधी ठरवून केलेले, उत्स्फूर्त नसलेले. पण बेतणे म्हणजे काय? अंगाचे माप घेऊन, कापडाचा अंदाज घेऊन, कातर लावण्याआधी मनात आणि कागदावर आकृती उभी करणे. चांगला बेतलेला कपडा अंगावर बेतीव दिसत नाही, तो अंगाचाच होऊन जातो. खटकतो तो वाईट बेतलेला. कथेत जेव्हा पात्रे ओढून आणल्यासारखी वाटतात तेव्हा लेखकाने बेतलेले नसते, कुठूनतरी तयार साचा आणून त्यात पात्रे कोंबलेली असतात. तिला तयार कपड्यांच्या दुकानातली कथा म्हणा. बेतीव म्हणू नका. ज्या दोषाला तुम्ही हे नाव देता तो बेतण्याच्या अभावाचा दोष आहे.

एक शब्द राहिला, तो सर्वांत अवघड. ‘शिवणे’. सुईदोऱ्याने जोडणे ते शिवणे, हे संस्कृत ‘सिव्’ धातूकडून आले. आणि स्पर्श करणे तेही शिवणे, त्याचा संबंध प्राकृतातील ‘छिव’शी जोडला जातो. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही अर्थ सापडतात. दोन वेगळ्या मुळांचे दोन शब्द मराठीत येऊन उच्चाराने एक झाले, हा योगायोग आहे. व्युत्पत्तीच्या बळावर आम्ही काही सिद्ध करू पाहत नाही. परंतु ज्या समाजात शिवाशिव पाळली गेली, त्याच समाजात सोवळ्याला शिवलेले वस्त्र चालत नाही, सुई लागली की वस्त्राचे सोवळेपण उणावते, हे मात्र योगायोगाने झाले नाही. ज्येष्ठ नातेवाइकांच्या ‘आपल्यात’चा अर्थ आता लागेल. गावगाड्यात शिंपी बहुधा अलुतेदारांत मोजला जाई. याद्या प्रांतोप्रांती बदलत, पण पंक्तीतील जागा फारशी बदलत नसे. यजमान बाही शिवतात तेव्हा नातेवाइकांना लाज वाटते ती पौरुषाची थोडी आणि जातीची अधिक.

हेच नातेवाईक आषाढीला नामदेवांचे अभंग म्हणतात! नामदेव शिंपी होते, हे आम्ही वर्गात सांगतो आणि लगेच पुढच्या वाक्यात भक्तीकडे वळतो, जणू शिंपीपण हा त्यांचा पत्ता होता, व्यवसाय नव्हे. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. त्यांतील एका पदात गज, कातर, सुई, धागा ही सारी अवजारे येतात आणि नामस्मरण हे शिवणकाम होऊन जाते. आम्ही त्याला ‘रूपक’ म्हणतो आणि गुण देतो. ज्याने कातर कधी हातात धरली नाही अशा कवीला ते पद सुचले असते का, हा प्रश्न विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत आमच्या पाहण्यात नाही. बहिणाबाईंची सुगरण आम्ही तन्मयतेने शिकवतो. त्या इवल्या पाखराच्या विणकामात आम्हांला कला, कारागिरी, निर्मितीचे रहस्य, सारे दिसते. पाखराने विणले तर निर्मिती. बायकोने शिवले तर हौस.

आमच्या वर्गांत कला आणि कारागिरी यांचा भेद शिकवला जातो तो कॉलिंगवुडच्या आधाराने. १९३८ सालच्या त्याच्या ग्रंथातील मांडणी थोडक्यात अशी : कारागिराला काय करायचे आहे ते आधीच पूर्णपणे ठाऊक असते, योजना आणि अंमलबजावणी वेगळी असते, कच्चा माल आणि तयार वस्तू वेगळी असते, कलावंताला मात्र आपण काय व्यक्त करीत आहोत हे ते व्यक्त होईपर्यंत कळत नाही. एकच वस्तू कला आणि कारागिरी दोन्ही असू शकते, हे कॉलिंगवुडने मान्य केले होते. आमच्या टिपणांच्या छायाप्रतींच्या छायाप्रती होत गेल्या तसे तेवढे वाक्य गळून पडले.

गेल्या वर्षी आमच्यातील एकाच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. पत्नीने उल्हासनगरच्या गजानन मार्केटातून एक छापील सुती तुकडा आणला होता, ऐंशी सेंटिमीटरचा, ब्लाऊजपुरता. त्यावर एकच मोठे झाड छापलेले होते, आणि तेही मध्यावर नव्हे, एका कडेला सरकलेले. तिच्या मनात नेहमीचा बेत होता : बंद गळा, झाड पाठीवर मध्यभागी. तिने पाठीचा कागद झाडावर मांडला तेव्हा बाह्यांना कापड पुरेना. कागद फिरवला तर उभा धागा आडवा होऊ लागला, म्हणजे ब्लाऊज पहिल्या धुण्यातच अंग सोडणार. तीन संध्याकाळ ते कापड जेवणाच्या टेबलावर पसरलेले होते आणि आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, “झाडाला मध्ये यायचंच नाहीये.” तिने पाठीचा गळा खोल आणि तिरका केला, झाड डाव्या खांद्याकडे चढू दिले, एका बाहीला काखेत, जेथे डोळा जात नाही तेथे, लहानसा जोड दिला. गळ्याला उरेब पट्टी लावायची तर पुन्हा कापड नाही, म्हणून जुन्या इरकलीच्या काठाच्या आतल्या तुकड्यातून ती काढली, आणि त्या गडद रेघेने सारा तोल सावरला. संवाद, विरोध आणि समतोल या मर्ढेकरांच्या तीन लयी आम्ही वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. त्या रात्री त्या तिन्ही आमच्या डोळ्यांदेखत टेबलावर घडल्या, आणि आम्हांला सुचलेला प्रश्न होता : “आता तरी टेबल मोकळं होईल का?”

सांगा, योजना आधी होती का? होती, आणि कापडाने ती मोडली. कच्चा माल निमूट होता का? नव्हता, त्याने हट्ट धरला. काय शिवायचे आहे हे शिवणारीला शिवेपर्यंत कळले होते का? मग कॉलिंगवुडच्या कसोटीने हे काय झाले? ज्यांना ‘पण उपयुक्त वस्तू आहे ना ती’ असे म्हणायचे असेल त्यांनी पोवाडा आणि ओवी अभ्यासक्रमातून आधी काढून टाकावी. तीही कोणत्या ना कोणत्या उपयोगासाठीच होती.

यजमानांची तऱ्हा निराळी. ते अभियंते असल्यामुळे आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवतात, तो अंगावर चढवून टाचण्या लावतात, खुणा करतात, पुन्हा उसवतात. बाहीचा माथा हा मुंढ्याच्या गोलाईपेक्षा थोडा मोठा असतो, पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अधिक खोल कापावा लागतो, आणि ती जादा लांबी चुणी न पडू देता गोलाईत सामावून घ्यायची असते, हे त्यांनी आम्हांला निदान दहा वेळा समजावले आहे. एकदा ते रात्री साडेअकराला संपूर्ण बाही उसवीत बसले होते. बाहेरून काहीच दिसत नव्हते. आम्ही तसे म्हटले तर ते म्हणाले, “हात वर केलास की दिसेल.” आमच्या कोणत्या लेखाला आम्ही असा हात वर करून पाहिला आहे?

येथे आमचे डावे मित्र हस्तक्षेप करतील. ते म्हणतील, पगारदार घरातील हौशी शिवणाचे गोडवे गाऊन तुम्ही नगावर राबणाऱ्या स्त्रियांचे वास्तव झाकता. आक्षेप रास्त आहे. आमच्या स्थानकाबाहेर पडून नव्वद फुटी रस्त्याला लागेपर्यंत ‘फॉल, बिडिंग, पिको करून मिळेल’ अशा किती तरी पाट्या खिडक्यांना लटकलेल्या दिसतात, आणि त्या प्रत्येक खिडकीमागे हौस नसते. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार केला, त्यावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळला आणि अकराशेहून अधिक माणसे तयार कपडे शिवता शिवता मेली. त्या कपड्यांचे भाऊबंद आमच्याही कपाटात असतील. हे सारे खरे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? मजुरी चोरली जाते म्हणून काम हीन ठरत नाही. उलट कामाला हीन ठरवल्यामुळेच मजुरी चोरणे सोपे जाते. ‘बायकांना काय, घरीच बसून करायचे आहे’ असे म्हणणारा कंत्राटदार आणि ‘वहिनींची हौस’ म्हणणारा समीक्षक एकाच कापडातून बेतलेले आहेत.

नगावरच्या कामाचा विषय निघालाच आहे तर आरशातही पाहू. २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या बढतीला गुणांची मोजणी लागली. एका निबंधाला इतके, चर्चासत्राला इतके, पुस्तकातील प्रकरणाला इतके. तेव्हापासून आम्ही, म्हणजे आम्ही दोघे आणि आमचे बहुतेक सहव्यवसायी, काय करीत आलो? एका जुन्या प्रबंधाचे कापड उलटेसुलटे करून त्यातून सहा निबंध काढले. माप कोणाचेच घेतले नाही, कारण ते घालणारे कोणी नव्हते. आतल्या दशा तशाच सोडल्या. खरा तुकड्यावरचा कारागीर, तोही वाईट, कोण होता ते वाचकांनी ठरवावे. आमच्या घरातील शिवणारी माणसे गुणांसाठी शिवत नाहीत. चुकले तर उसवतात.

जितका राग आम्हांला ‘दैन्याचे प्रतीक’ म्हणणाऱ्यांचा आहे, त्याहून काकणभर अधिक गोधडीवाल्यांचा आहे. दर दिवाळी अंकात निदान एक गोधडी असतेच. आईच्या जुन्या लुगड्याची, मायेच्या उबेची, आठवणींच्या ठिगळांची. गोधडीला आमचा विरोध नाही, थंडीत आम्हीही तीच पांघरतो. आमचा विरोध मायेला सर्व श्रेय देण्याला आहे. मुंढ्याची गोलाई चुकली तर माया काय करणार? चार थर सरकू न देता शेकडो टाके एका अंतरात, एका ताणात घालणे ही नजर आहे, हात आहे, आणि बहुधा वर्षानुवर्षांची मान मोडणारी मेहनत आहे. ‘आईने प्रेमाने शिवली’ म्हटले की तिच्या बुद्धीचा विषय सोयीस्करपणे मिटतो. कवीच्या कवितेविषयी ‘त्याने ती प्रेमाने लिहिली’ असे एवढेच म्हटले तर कवी मानहानीचा दावा लावील. अ‍ॅलिस वॉकरच्या १९७३ सालच्या एका प्रसिद्ध कथेत आजीच्या हातच्या गोधड्यांवरून दोन बहिणींत तिढा पडतो. शहरात शिकलेलीला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. घरी राहिलेली त्या रोज वापरील, पण तिला तशा गोधड्या स्वतः शिवता येतात. इंग्रजी विभागात ही कथा शिकवली जाते. मराठी विभागातील आम्ही भिंतीवर टांगणाऱ्या बहिणीच्या बाजूचे आहोत, फक्त आमची भिंत म्हणजे दिवाळी अंकाचे पान.

श्यामच्या आईतील कोट आठवा. श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात घरी येतो. आम्ही सारे तेथे रडलो आहोत. तो भाऊ समोर नसताना, केवळ अंदाजाने, दापोलीच्या ज्या शिंप्याने तो कोट बेतला, त्याच्यासाठी कोणी हुंदका दिल्याचे ऐकिवात नाही.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या दोन्ही घरांना एकाएकी प्रतिष्ठा आली. दुकाने बंद, मुखपट्ट्या मिळत नाहीत. तेव्हा इमारतीतील प्रत्येक जण दारात येऊन, सहा फुटांवरून, अत्यंत आदराने बोलू लागला. यजमानांनी जुन्या सुती सदऱ्यांतून शेकडो मुखपट्ट्या शिवल्या, नाकाला बसेल अशी कळी काढून. सोसायटीच्या सूचनाफलकावर आभार झळकले. पुढच्या वर्षी दुकाने उघडली आणि यंत्राच्या आवाजाचा त्रास होतो अशी तक्रार त्याच फलकावर लागली. असो.

आमच्याही अपराधाची नोंद व्हायला हवी. ठाकुर्लीतील आमची घरे म्हणजे फार तर दीड खोली मोकळी. पुस्तके वाढत गेली तेव्हा भिंत कोणाला द्यायची हा प्रश्न आला आणि आम्ही तो प्रश्न म्हणून मांडलाच नाही. भिंत पुस्तकांची, हे गृहीत होते. पत्नीचे यंत्र, तिच्या आईचे, काळे, सोनेरी वेलबुट्टीचे ‘उषा’, गॅलरीत गेले. वर प्लास्टिक टाकले होते. २०१९ च्या पावसाळ्यात वाऱ्याने प्लास्टिक उडाले, आम्ही घरी होतो, परीक्षेचे पेपर तपासत होतो, आणि खिडकीतून ते उडताना पाहिलेही होते. यंत्र गंजले. तिने काही म्हटले नाही. दोन रविवार रॉकेलचा बोळा घेऊन ती दातरी, शटल, बॉबिन घासत बसली होती आणि आम्ही शेजारच्या खोलीत स्त्रीवादी समीक्षेवर टिपण काढीत होतो. हे वाक्य विनोद म्हणून लिहिलेले नाही.

शिवणाऱ्या माणसाबरोबर राहणे सुखाचे असते असाही आमचा दावा नाही. गादीत टाचण्या निघतात. पायमोज्यांना दोरे चिकटून महाविद्यालयापर्यंत येतात. लग्नाला निघायच्या वेळी काजे-बटण राहिलेले असते. कोणाचाही सदरा पाहून संभाषणाच्या मध्येच “कॉलर उलटी लावलीय त्याची” असे कुजबुजले जाते. आपल्याला दर काही दिवसांनी हात पसरून उभे राहावे लागते आणि ‘हलू नको’ हे ऐकावे लागते. कात्रीने कागद कापला तर काय होते ते आम्ही येथे लिहू शकत नाही. पण हे सारे लेखक-कवींबरोबर राहणाऱ्या माणसांनीही सोसलेले आहे, आणि त्यांच्या सोसण्यावर आपल्याकडे आत्मचरित्रे आहेत, परिसंवाद आहेत. निर्मात्याच्या लहरी म्हणून तेथे ज्या सन्मानाने सांगितल्या जातात, त्याच लहरी शिवणयंत्राशी बसलेल्या माणसाच्या बाबतीत ‘पसारा’ ठरतात.

२०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत, म्हणजे आमच्या पुढच्या स्थानकावर, भरले होते. आम्ही दोघे पुस्तके आणायला खणाच्या कापडाच्या, आतून अस्तर लावलेल्या दोन पिशव्या घेऊन गेलो होतो, यजमानांनी शिवलेल्या. ग्रंथप्रदर्शनात एका नामवंत कवींनी पिशवी हातात घेऊन पाहिली, शिवण चाचपली आणि कुठल्या दुकानातली म्हणून विचारले. आम्ही म्हणालो, “घरीच शिवलीय.” त्यांनी लगेच हातातून सोडली आणि म्हणाले, “अच्छा, घरगुती आहे होय.”

हा मजकूर छापण्याआधी आम्ही दोन्ही घरी वाचून दाखवला. यजमानांनी ऐकून घेतले आणि म्हणाले की मुखपट्टीला कळी नव्हती, तो टक होता, तेवढे सुधारा. आम्ही मुद्दाम सुधारलेले नाही, म्हणजे कोण चुकते ते दिसेल. पत्नीने झाडाच्या ब्लाऊजचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, तीन नाही, चार संध्याकाळ. आणि यंत्र अजून गॅलरीतच आहे, ते का नाही लिहिलेस?

यंत्र अजून गॅलरीतच आहे.